परदेशातल्या वाढदिवसाची पंगत : चटणी कुटण्यापासून भांडी घासण्यापर्यंत

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतून दरवर्षी दोन-चार पोरं शिकायला जर्मनीला जातात. मी आखेनला दोन वर्षं काढलेली, त्यामुळं जायच्या आधी ती माझ्याकडं येतात. खोली कशी शोधायची, विमा कुठला, बँकेचं काय, सगळं विचारतात. वाढदिवसाचं कुणी विचारत नाही. मग पहिल्याच हिवाळ्यात फोन येतो, "ताई, उद्या वाढदिवस आहे, आणि हितं कुणाच्या गावीही नाही."

नसणारच. कोल्हापुरात आपला वाढदिवस दुसरे करतात. बारा वाजता पोरं केक घेऊन दारात, सकाळी आईचं औक्षण, आणि ओळखी जास्तच असल्या तर चौकात फलक. जर्मनीत उलटं आहे. वाढदिवस ज्याचा, बोलावणं त्याचं आणि खाणंही त्याचंच. वर्गात केकसुद्धा आपणच न्यायचा असतो. कुणीतरी करेल म्हणून वाट बघणारा खोलीत नूडल्स खाऊन झोपतो.

पुढचं सगळं वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात 12 जणांना तांबडा-पांढरा रस्सा आणि अख्खा मसूर करून घालण्याच्या बेतानं लिहिलंय. नियम जर्मनीचे आणि युरोपियन युनियनचे आहेत. इतर देशांत जाणाऱ्यांनी पायऱ्यांचा क्रम तोच ठेवावा, कायदे मात्र तिथले बघावेत.

## पायरी 1 : तारीख आणि वेळ (चार आठवडे आधी)

पहिला नियम : वाढदिवसाच्या आधी साजरा करायचा नाही. वाढदिवस बुधवारी आहे म्हणून आधीच्या शनिवारी उरकून टाकू, हा आपला सोयीचा विचार तिथं चालत नाही. आधी शुभेच्छा देणं जर्मन लोक अपशकुनी मानतात. नंतरचा शनिवार धरा. आदल्या रात्री जमून बारा वाजता वाढदिवसात शिरायची पद्धत त्यांच्यातही आहे, तिला 'राइनफायर्न' म्हणतात. पण त्यातही बाराच्या ठोक्याआधी कुणी तोंडातून शुभेच्छा काढत नाही.

इथं एक गंमत होते. भारत जर्मनीच्या हिवाळ्यात साडेचार तास पुढं असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन तास. कोल्हापुरात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिकडं आदल्या संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात. शाळेच्या, गल्लीच्या, तालमीच्या ग्रुपवर धडाधड शुभेच्छा पडायला लागतात, तुमचा फोन टणटणतो, आणि शेजारी बसलेली जर्मन मैत्रीण खरोखर अस्वस्थ होते. फोन गप्प ठेवा.

दुसरं, शांततेची वेळ. बहुतेक इमारतींत रात्री 10 ते सकाळी 6 आवाज करायचा नसतो, आणि रविवारी तर दिवसभर. म्हणून जेवण संध्याकाळी 6 ला सुरू करा. आपल्या सवयीनं 9 ला पानं मांडलीत तर पांढरा वाढेपर्यंत खालचा माणूस दार वाजवतो.

तिसरं, स्वयंपाकघर. ते सामाईक असेल तर मजल्यावरच्या सगळ्यांना दोन आठवडे आधी सांगा आणि दारावर चिठ्ठी लावा : तारीख, वेळ, किती माणसं, तुमचा खोली क्रमांक. चिठ्ठीच्या शेवटी "तुम्हीही या" एवढं लिहिलं की निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

तपासा : तारीख मार्चच्या किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आसपास आहे का? त्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढं-मागं होतात. घरी फोनची वेळ सांगितलेली असेल तर तीही बदलते.

## पायरी 2 : कोल्हापुरातून काय न्यायचं, काय नाही

ही पायरी खरं तर विमानात बसण्याआधीची. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि त्या मुलांपेक्षा आई-वडील करतात.

नेण्यासारखी एकच वस्तू आहे जी तिकडं कुठल्याही दुकानात मिळत नाही : घरची कांदा-लसूण चटणी. बाहेरचे लोक तिला मसाला म्हणतात, म्हणू देत. लक्ष्मीपुरीतून मिरच्या आणा, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी, आणि डंकावर कुटून घ्या. एका वर्षाला अर्धा किलो पुष्कळ होते. दोन प्लास्टिक पिशव्या एकात एक, प्रत्येकीला चिकटपट्टी, वरून घट्ट झाकणाचा डबा. ही चटणी चेक-इन बॅगेतच टाका. हातातल्या बॅगेत मिरचीची पूड चालत नाही. सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि वर्षाची चटणी विमानतळाच्या कचऱ्यात जाताना बघणं काय असतं ते सांगायला नको.

आता न नेण्याच्या वस्तू.

सुकं खोबरं नेऊ नका. खोबऱ्याच्या वाटीत तेल असतं, ती आपोआप पेट घेऊ शकते म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालात मोडते. चटणीत कुटून गेलेल्या खोबऱ्याची गोष्ट वेगळी. कापूर आणि काडेपेटीही बॅगेत नको. औक्षणाच्या ताटात आई हमखास दोन्ही ठेवते, तेव्हा ताट भरून झाल्यावर तुम्ही एकदा उघडून बघा.

पेढे, बर्फी, खवा, चक्का, पनीर आणि तूप नेऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ही बंदी टपालालाही लागू होते. आमच्या शेजारच्या काकांनी मुलाला वाढदिवसासाठी दोन किलो कंदी पेढे पाठवले होते. पेढे पोचले नाहीत, कस्टमचं पत्र पोचलं. तुपासाठी जीव टाकायची गरजही नाही. तिकडच्या कुठल्याही सुपरमार्केटात 'बुटरश्माल्ट्स' नावानं मिळतं ते कढवलेलं लोणीच असतं. फोडणीला आणि निरांजनाला दोन्हीकडं चालतं.

ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, हापूस, लिंबं नेऊ नका. डिसेंबर 2019 पासून ताजी फळं-भाज्या न्यायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच फळं त्यातून सुटलीत.

खसखस जर्मनीत नेता येते आणि तिथं किराण्यात सहज मिळतेही. पण संयुक्त अरब अमिराती किंवा सिंगापूरला शिकायला जाणाऱ्यांनी ती सामानात अजिबात ठेवू नये. तिथं तिच्यावर बंदी आहे. पांढरा रस्सा खसखशीवाय काजू-तिळावर होतो. तुरुंगात होत नाही.

घरून पार्सल पाठवायचं असेल तर चार आठवडे हाताशी ठेवा. व्यक्तीनं व्यक्तीला पाठवलेली भेट 45 युरोपर्यंतच्या किमतीची असेल तर शुल्क लागत नाही. आत काय आहे आणि किंमत किती ते खरं लिहा. ऑनलाइन दुकानातून थेट मागवलेली वस्तू 'भेट' धरली जात नाही, वर काहीही लिहिलं तरी.

कुकर आणि मिक्सर : आपला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापत नाही. वसतिगृहात कुठली शेगडी आहे ते आधी विचारा. काचेच्या साध्या विजेच्या शेगडीवर तो चालतो. इंडक्शन असेल तर चुंबक चिकटेल अशा बुडाचा स्टीलचा कुकर घ्या. मिक्सर मात्र बिनधास्त न्या. तिकडची वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आहे, फक्त पिनेला अडॅप्टर लागतो.

## पायरी 3 : बोलावणं (दोन आठवडे आधी)

"शनिवारी या रे सगळे" हे आमंत्रण होत नाही. तिथं लोक दोन-तीन आठवड्यांचे शनिवार आधीच ठरवून बसतात. निरोपात पाच गोष्टी हव्यात : दिवस, सुरू व्हायची वेळ, साधारण संपायची वेळ, पत्ता, आणि कधीपर्यंत कळवायचं. 'जेवण आहे' असं स्पष्ट लिहा. नुसतं पार्टी म्हटलं की लोक जेवून येतात, आणि अडीच किलो मटण तुमच्या गळ्यात पडतं.

त्याच निरोपात एक प्रश्न विचारा, तो सगळ्यात महत्त्वाचा : काय खात नाही आणि कशाची ॲलर्जी आहे? आपल्याकडं "आमच्यात चालत नाही" एवढ्यावर विषय संपतो. तिथं एकाच टेबलाला मांस न खाणारे, दूधसुद्धा न घेणारे, फक्त हलाल खाणारे आणि शेंगदाण्याच्या कणानं घसा सुजणारे बसलेले असतात. शेवटचा प्रकार थट्टेचा नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट, चिवडा, शेंगा घातलेलं फरसाण काही उघडू नका. पांढऱ्या रश्श्यात काजू आणि तीळ असतात, तेही आधीच कळवा.

जर्मन पाहुणा 6 म्हटलं की 6 वाजून 2 मिनिटांनी दारात असतो. आपली पोरं 7 ला "निघालोय" म्हणतात आणि तेव्हा अंघोळीला गेलेली असतात. मी आपल्या लोकांना साडेपाच सांगायचे. अजून कुणाला कळलेलं नाही, आता कळेल.

ताटवाट्या : तांबडा, पांढरा आणि मसूर धरले तर माणशी तीन वाट्या लागतात, म्हणजे 36. एवढ्या वसतिगृहात कुठल्या? एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-चमचे युरोपियन युनियनमध्ये 2021 पासून बंद आहेत. "येताना आपापली एक ताटली आणि तीन वाट्या आणा" असं लिहून टाका. विद्यार्थ्यांत हे सर्रास चालतं, कुणी नाक मुरडत नाही. पिण्याचं ज्याचं त्यानं आणावं, हेही लिहा.

## पायरी 4 : खर्च आणि बाजार

व्हिसासाठी वर्षभराचे पैसे आधीच भरून गोठवलेल्या खात्यातून महिन्याला 992 युरो सुटतात. 2024 च्या सप्टेंबरपासून हा आकडा आहे. त्यातच भाडं, विमा, खाणं. तेव्हा आधी खर्चाची मर्यादा ठरवा आणि मग मेनू, उलट नको. मटण हाच मोठा खर्च. मर्यादा कमी असेल तर अख्खा मसूर मुख्य करा आणि कोंबडी आणा. बिल वाटून घेण्याचा विचार करू नका. बोलावलंय तुम्ही.

मटणासाठी तुर्की दुकान गाठा. बकऱ्याचं मटण क्वचित मिळतं, मेंढीच्या कोकराचं मिळतं. सुपरमार्केटातले गुलाबी बोनलेस तुकडे रश्श्याला निरुपयोगी आहेत, कारण हाड नाही तर अळणीला, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याला, चव नाही. खाटकाला 'लाम, मिट क्नोखेन' म्हणा, म्हणजे हाडासकट कोकरू, आणि खांदा किंवा मान मागा. तुकडे तोच करून देतो. हलाल आहे का तेही तिथंच विचारून घ्या, पाहुण्यांना खात्रीनं सांगता येतं.

यादी, 12 जणांतले 9 मटण खाणारे धरून : हाडासकट मटण अडीच किलो, अख्खा मसूर पाऊण किलो, तांदूळ 1 किलो 200 ग्रॅम, कांदे 2 किलो, टोमॅटो 6, आलं 150 ग्रॅम, लसणाचे 6 गड्डे, नारळाच्या दुधाचे 400 मिलीचे 2 डबे, काजू 100 ग्रॅम, तीळ, खसखस, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, अख्खा गरम मसाला. सुक्या खोबऱ्याऐवजी 'कोकोसरास्पेल', म्हणजे सुक्या नारळाचा कीस, 100 ग्रॅम. भाकरीचा हट्ट सोडा. 12 जणांच्या भाकऱ्या थापत बसलात तर तुमचाच वाढदिवस तव्यापुढं जाईल. त्याच तुर्की दुकानातला चपटा पाव मसुराबरोबर झकास लागतो.

इशारा : रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद. शनिवारी जेवण असेल तर गुरुवारी बाजार संपलेला पाहिजे. शुक्रवार स्वयंपाकाचा.

## पायरी 5 : आदला दिवस (अळणी, वाटण, तांबडा)

अळणी. मटणावरची जाड पांढरी चरबी काढा. कोकराच्या चरबीला उग्र वास असतो आणि तो थेट पांढऱ्यात उतरतो. मटण धुऊन आलं-लसूण आणि मीठ लावा. हळद लावू नका. सवयीनं हात हळदीकडं जातो आणि दुसऱ्या दिवशी पांढरा रस्सा पिवळा होतो. ही चूक मी स्वतः केलीय आणि 'हा आमच्याकडचा खास प्रकार' म्हणून खपवलीय.

पाच लिटरच्या कुकरमध्ये अडीच किलो मटण एकदम मावत नाही. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नसतो. दोन घाण्यांत करा : दर वेळी सव्वा किलो मटण आणि दीड लिटरभर पाणी. कोकरू आपल्या बोकडापेक्षा लवकर शिजतं. तीन शिट्ट्यांनंतर उघडून बघा. मांस हाडापासून सुटायला लागलं की पुरे. आणि शिट्टी व्हायच्या आधी मजल्यावर सांगून ठेवा. प्रेशर कुकरची शिट्टी कधीच न ऐकलेला माणूस ती ऐकून खरंच जिन्याकडं पळतो.

मटण आणि पाणी वेगळं करा. पाणी पसरट भांड्यांत ओता, सिंकमध्ये थंड पाण्यात ती भांडी ठेवा आणि दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं तसंच झाकून ठेवलं तर मध्ये रात्रभर कोमट राहतं आणि विटतं. सकाळी पाण्यावर चरबीचा थर गोठलेला असतो, तो चमच्यानं उचलून टाका.

तांबडा आदल्या दिवशीच करा, मुरल्यावर तो चांगला लागतो. चार कांदे उभे चिरून तांबूस भाजा, काढून ठेवा. खोबऱ्याचा कीस कोरडाच मंद आचेवर बदामी करा. तो फार बारीक असतो, नजर हलली की जळतो. दोन-दोन चमचे तीळ आणि खसखस भाजा. हे सगळं लसूण, आलं, कोथिंबीर आणि दोन टोमॅटोंबरोबर बारीक वाटा. वाटण तेल सुटेपर्यंत परता, चटणी घाला, मग थोडं मटण, दीड लिटर अळणी आणि लिटरभर गरम पाणी. गार पाणी ओतलं की रंग उतरतो. झाल्यावर हाही अळणीसारखाच पसरट भांड्यांत गार करून फ्रिजमध्ये.

चटणी किती, हा खरा प्रश्न. घरी एवढ्या रश्श्याला सहा-सात मोठे चमचे पडले असते. तिथं तीन. कोल्हापूरचं नाव राखायला पाहुण्यांना रडवायची गरज नाही. वेगळी तर्री करा : अर्धी वाटी तेल गरम करून शेगडीवरून उतरवा, मिनिटभर थांबा, मग दोन चमचे चटणी घालून हलवा. ही वाटी टेबलावर ठेवा. आपले लोक वरून ओततील, बाकीचे वास घेऊन परत ठेवतील.

'शेगडीवरून उतरवा' हे मुद्दाम लिहायला कारण आहे. पहिल्या वर्षी मी तापलेल्या तेलात चटणी टाकली, पंखा बंद होता, दार उघडं होतं. ठसका जिन्यात गेला, धुराची घंटा वाजली, आणि फेब्रुवारीच्या थंडीत चपला घातलेली चाळीस माणसं खाली उभी राहिली. अग्निशमन दल आलं. जवानांनी पातेल्यात डोकावून बघितलं, त्यातला एक शिंकला. माझा वाढदिवस त्या इमारतीत अजून लक्षात असेल.

फोडणीआधी दर वेळी : पंखा पूर्ण वेगात, खिडकी उघडी, जिन्याकडचं दार बंद. धुराच्या यंत्रावर पिशवी किंवा मोजा बांधायची 'युक्ती' जुनी मुलं सांगतात. ती करू नका. बेकायदा तर आहेच, आणि खरी आग लागली तर त्या यंत्राशिवाय कळायचं कसं?

अख्खा मसूर रात्री भिजत घाला. त्याचं पातेलं आणि डाव वेगळा, फोडणी तेलाची. तूप, दही काही नको, म्हणजे मांस न खाणारे आणि दूध न घेणारे एकाच पातेल्यात बसतात. तांबड्यातला डाव चुकून मसुरात गेला तर कुणाला न सांगता ढवळून टाकू नका. सांगा.

## पायरी 6 : त्या दिवशीचा क्रम

दुपारी 1. मसूर शिजायला. काजू, दोन चमचे तीळ आणि दोन चमचे खसखस गरम पाण्यात भिजत.

2.30. अंघोळ करा, चांगले कपडे घाला, औक्षण. होय, आत्ता. हिवाळ्यात तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळचे 7 वाजलेले असतात, आई देवापुढं दिवा लावून मोकळी असते, आजी जागी असते. 'पाहुणे आले की फोन करतो' म्हणणाऱ्याच्या घरी तोवर साडेदहा-अकरा वाजतात आणि आजी झोपलेली असते. पाटाऐवजी खुर्ची, तोंड पूर्वेला, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. ओवाळायला खोलीतली मैत्रीण किंवा मित्र चालतो. आई फोनवरून सांगते कुठल्या बाजूनं फिरवायचं आणि हटकून म्हणते, "अगं उलटं ओवाळतीयस, कॅमेरा उलटा आहे का?" निरांजनाआधी भाडेकरार बघा. खोलीत उघडी ज्योत चालत नसेल तर गच्चीवर करा, नाहीतर सेलवरचा दिवा घ्या. आई चिडेल, मग विसरेल.

4. पांढरा. भिजवलेलं बारीक वाटून गाळून घ्या. तुपात तमालपत्र, सहा लवंगा, आठ मिरे, सहा वेलदोडे, दालचिनी आणि चार उभ्या चिरलेल्या मिरच्या. दोन चमचे आलं-लसूण घाला, पण तांबूस होऊ देऊ नका. मग उरलेली सगळी अळणी, उकळी आली की काजूचं वाटण, दहा मिनिटं. आच अगदी मंद करून शेवटी नारळाचं दूध, आणि आता उकळू द्यायचं नाही. सतत ढवळत राहा. खळखळून उकळला की रस्सा फुटतो, आणि फुटलेला जुळत नाही.

5. भात. उरलेलं मटण तांबड्यातल्या जाडसर वाटणात परतून सुकं करा.

5.30. तांबडा उकळी येईपर्यंत गरम. प्रत्येक पातेल्यापुढं कागद : आत काय आहे, मांस आहे का, काजू-तीळ आहेत का, तिखट किती.

6. पाहुणे. पांढरा आधी कपात द्या, प्यायला. नवख्या माणसाला पहिला घोट तांबड्याचा देऊ नका. पांढऱ्यानं विश्वास बसतो, मग माणूस स्वतःहून लाल पातेल्याकडं जातो.

## पायरी 7 : केक, आणि जे करायचं नाही

केक स्वतः ठरवा. बेकरीत मागवायचा तर आठवडाभर आधी सांगा. सुपरमार्केटचा गोठवलेला केक स्वस्त पडतो, पण तो वितळायला कित्येक तास लागतात. खोक्यावर वेळ लिहिलेली असते, तेवढ्या आधी बाहेर काढा. मेणबत्त्या कापायच्या वेळीच पेटवा, धुराच्या यंत्राखाली नको.

आता पोरांनो, नीट ऐका. केक तोंडाला फासायचा नाही. वाढदिवसाच्या लाथा घालायच्या नाहीत. अंडी, पीठ, फेसाचा फवारा काही नाही. रंकाळ्यावर हे प्रेम असतं, तिथं ते अंगावर हात टाकणं ठरतं. आणि भिंत खराब झाली तर अनामत रकमेतून कापतात. केकचा घास हातानं दुसऱ्याच्या तोंडात घालण्याआधीसुद्धा विचारा. भेट आणली असेल तर समोरच उघडा. बाजूला ठेवून दिली तर देणाऱ्याला वाटतं आवडली नाही. फोटो टाकण्याआधी त्यातल्यांना विचारा.

साडेनऊला गाणी बंद. 10 नंतर बसायचं तर आवाज खाली आणि खिडक्या बंद.

## पायरी 8 : उरलेलं आणि भांडी

उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये. बाहेर राहिलेल्या भातातले जंतू असं विष तयार करतात की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. उरलेला रस्सा जाणाऱ्यांना डब्यातून द्या. पांढरा दुसऱ्या दिवशी फुटलेला दिसला तर घाबरू नका, फुटला आहे, खराब झालेला नाही.

तेल आणि गोठलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते आणि बिल तुमच्या मजल्यावर येतं. ती बंद डब्यात घालून कचऱ्यात टाका. स्वयंपाकघर त्याच रात्री धुवा, सकाळी नाही, कारण सकाळी 7 ला कुणीतरी कॉफी करायला येणार आणि त्याला तर्रीचे डाग दिसणार. ओट्यावरचा लाल डाग लिंबू आणि भांड्याच्या साबणानं निघतो, पण वाळायच्या आधी.

बाटल्या वेगळ्या करा. ज्यांवर अनामत आहे त्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे डबे सुपरमार्केटच्या यंत्रात टाकले की नगामागं 25 सेंट परत मिळतात. 12 जणांच्या पार्टीतून दुसऱ्या दिवशीची भाजी निघते. अनामत नसलेल्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या काचपेटीत जातात, पण रविवारी टाकू नका. फुटल्याचा आवाज होतो आणि वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडतं. पिशवी सोमवारपर्यंत दाराआड ठेवा, आणि दारावरची चिठ्ठी काढायला विसरू नका.